गीझरने आरसीसीबी पडतो, मिक्सर ठिणग्या टाकतो, पंखा हळू फिरतो: घरच्या घरी दोष कसा शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याजवळ वाघोलीत सोसायटीतला फ्लॅट, पाणी बोअरचं नाहीतर टँकरचं. १५ लिटरचा, २००० वॅटचा गीझर लावला की पाच-दहा मिनिटांत घरातली सगळी लाइट जाते. आलेला मिस्त्री म्हणतो, ‘ईएलसीबीच खराब आहे, काढून डायरेक्ट करू.’ शिवाय मिक्सरमधून ठिणग्या दिसतात आणि जळका वास येतो, हॉलमधला पंखा पाचवर ठेवूनही रेंगाळतो. घरात मल्टीमीटर आहे, हातकामाची सवय आहे. यातलं स्वतः काय करता येईल?

सगळ्यात आधी एक विनंती. तो ईएलसीबी काढू देऊ नका. तुमच्या डीबीत, म्हणजे मेन स्विचच्या पेटीत, असेल तो बहुधा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, आणि तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून तो चोख काम करतोय. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो बघतो. फरक पडला म्हणजे मधला करंट भलत्याच वाटेने निघून गेला. घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअरचा असतो आणि १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकतो. तुमचा गीझर ८.७ अँपिअर घेतो. त्यात ३० मिलिअँपिअरची गळती म्हणजे साधारण तीनशेतला एक भाग. एमसीबीला ती कधीच कळणार नाही, कारण तो फक्त ओव्हरलोड आणि शॉर्ट ओळखतो. पण ओल्या अंगाच्या माणसाचा जीव घ्यायला एवढा करंट पुरतो. आरसीसीबी काढला तर गळती अर्थिंगच्या वायरने वाहत राहील, आणि उद्या ती वायर सॉकेटमागे सैल झाली तर गीझरची बॉडी, नळ आणि शॉवर सगळ्यांत करंट येईल. ‘डायरेक्ट करू’ म्हणणाऱ्या माणसाला पुन्हा घरात बोलावू नका, हे मी अगदी मनापासून सांगतो.

दुरुस्तीत पार्ट बदलणं हे सोपं काम आहे, ते स्क्रू ड्रायव्हर धरता येणारा कुणीही करतो. अवघड असतं ते दोष नेमका कुठे आहे हे ठरवणं. ‘हा बदलून बघू, नाहीतर तो बदलू’ या पद्धतीने गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि मूळ दोष तसाच राहतो. म्हणून आधी प्रश्न असा विचारायचा: दोष घराच्या वायरिंगमध्ये आहे की वस्तूत? वस्तूत असेल तर कोणत्या अर्ध्या भागात? एकेक बाजू सोडवत गेलं की दोषाला लपायला जागा उरत नाही.

तर गीझरपासून सुरुवात करू. त्याची पिन सॉकेटमधून पूर्ण उपटून ठेवा आणि एक दिवस बाकीचं घर नेहमीसारखं वापरा. नुसतं बटण बंद करून चालत नाही, कारण साधं बटण फक्त फेज तोडतं. गळती न्यूट्रलच्या बाजूला असेल तर बटण बंद असतानाही आरसीसीबी पडू शकतो. पिन काढल्यावरही पडत राहिला तर गीझर निर्दोष आहे आणि शोध वायरिंगमध्ये घ्यावा लागेल. अशा वेळी मी पहिल्यांदा विचारतो, ‘घरात इन्व्हर्टर बसवलाय का?’ इन्व्हर्टर बसवणाऱ्याने दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र केले असतील तर एकाचा करंट दुसऱ्याच्या वाटेने परत येतो. गळती कुठेच नसते, पण आरसीसीबीला ती दिसते. हे काम लायसनधारक वायरमनचं, ते त्याच्यावर सोडा.

पिन काढल्यावर घर शांत राहिलं, तर दोषी गीझरच. तुमच्या वर्णनातला सगळ्यात मोलाचा धागा म्हणजे ‘पाच-दहा मिनिटांनी’. बटण दाबताक्षणी पडतो तेव्हा गळती मोठी असते. तापल्यावर पडतो तेव्हा माझं बोट एलिमेंटकडे जातं, ज्याला आपण कॉइल म्हणतो. धातूच्या नळीच्या आत नायक्रोमची तार असते आणि तार व नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर ठासलेली असते. ही पावडर उष्णता जाऊ देते, वीज अडवते. बोअरच्या जड पाण्याचा क्षार नळीवर साचला की उष्णता बाहेर पडत नाही, नळी जास्त तापते, गंजते, बारीक चीर पडते. तापल्यावर चीर उघडते, पावडरीत पाणी शिरतं आणि गळती सुरू होते. गार झालं की चीर मिटते, म्हणून दुसऱ्या दिवशी आलेल्या मिस्त्रीला मीटरवर सगळं ‘ओके’ दिसतं आणि दोष आरसीसीबीच्या माथी येतो.

म्हणून मोजायचं ते गरम असतानाच. गीझर लावा, आरसीसीबी पडू द्या, लगेच पिन उपटा. आता काहीही न उघडता, हातातल्या थ्री-पिन टॉपवरच मोजा. मीटर २० मेगाओहमच्या रेंजवर घेऊन एक प्रोब मोठ्या म्हणजे अर्थच्या पिनवर धरा, दुसरा आधी फेजच्या आणि मग न्यूट्रलच्या पिनवर. प्रोबचा धातू बोटांनी धरू नका, नाहीतर तुमच्या अंगाचाच रोध मोजला जाईल. दोन्ही वेळा ‘ओएल’ किंवा नुसता १, म्हणजे करंटला वाटच नाही, असं दिसायला हवं. काही हजार किंवा काही लाख ओहमचा आकडा आला, तर आतून गळती आहे हे नक्की. उलट मात्र खरं नाही. मीटरमध्ये छोटी बॅटरी असते आणि घरातली वीज २३० व्होल्टची, त्यामुळे ‘ओएल’ आलं म्हणून एलिमेंट निर्दोष ठरत नाही. खात्रीची तपासणी मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने, ५०० व्होल्टवर होते. मेगर घरी नसतो, पण रिवाइंडिंगच्या दुकानात मिळतो.

यापुढे झाकण उघडायचं. त्या सर्किटचा एमसीबी बंद, पिन बाहेर. पिन नसून गीझर थेट डीपी स्विचला (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या) जोडलेला असेल तर मेन बंद करा. मग मीटर एसी रेंजवर घेऊन एखाद्या चालू जागी, म्हणजे शेजारच्या फ्लॅटमध्ये किंवा मेन पाडण्याआधी, तो बरोबर दाखवतो ना ते बघून घ्या. नंतर गीझरच्या टर्मिनलवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ तिन्ही ठिकाणी शून्य आहे याची खात्री करा. निऑन टेस्टरवर इथे विसंबू नका. तो लागला नाही याचा अर्थ वीज नाही असा होत नाही.

खालचं झाकण काढलं की हात लावण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो घ्या. मग नुसतं बघा. फ्लँजच्या, म्हणजे एलिमेंट ज्या चकतीवर बसवलेलं असतं तिच्या, कडेने पांढरा किंवा हिरवट थर, टर्मिनलवर ओल, वायरीच्या टोकाची एखादी काळवंडलेली लग. गॅस्केटमधून झिरपणारं पाणी टर्मिनलवर आलं तरी हुबेहूब हीच लक्षणं दिसतात, आणि तेव्हा एलिमेंट चांगलंच असतं. कोरडं असेल तर एलिमेंटच्या दोन्ही वायरी सोडवून त्याचा रोध मोजा. हिशोब सोपा आहे: २३० गुणिले २३०, भागिले वॅट. २००० वॅटला साधारण २६ ओहम, १५०० ला ३५, ३००० च्या इन्स्टंटला साडेसतरा. ‘ओएल’ आलं तर तार तुटली आहे, गीझर तापणारच नाही. तुमचा तापतोय, म्हणजे २६ च्या आसपास आकडा येईल आणि त्याने फसू नका. तुमचा दोष तारेत नाही, तार आणि नळीच्या मधल्या पावडरीत आहे. त्यासाठी एलिमेंटच्या प्रत्येक टोकापासून बॉडीपर्यंत मोजा.

मीटरने निकाल लागला नाही तर सोडवलेल्या दोन्ही वायरींना वेगवेगळी इन्सुलेशन टेप नीट गुंडाळा, झाकण लावा, बाथरूमच्या बाहेर उभं राहून वीज द्या. एलिमेंट बाजूला काढल्यावर अर्धा तास आरसीसीबी टिकला, तर निकाल स्पष्ट आहे. तरीही पडला तर थर्मोस्टॅट, इंडिकेटर आणि आतल्या वायरी राहिल्या.

एलिमेंट काढण्याआधी टाकी रिकामी करावी लागते आणि इथे बरेच जण भिजतात. गरम पाण्याचा नळ सोडून टाकी रिकामी होत नाही. गरम पाणी आत वरच्या टोकाला घेतलेलं असतं आणि खालून गार पाणी ढकललं तरच बाहेर येतं. गार पाण्याचा कॉक बंद करा, गरम नळ उघडा ठेवा म्हणजे हवा आत जाईल, मग गार पाण्याच्या इनलेटचं जोड सोडा आणि खाली बादली धरा. १५ लिटर पाणी येईल. ते गार झाल्यावरच हे काम करा.

बाहेर आलेलं एलिमेंट पाण्याने धुऊन, क्षार खरवडून उजेडात फिरवून बघा. चीर पडलेल्या जागी बहुतेक वेळा बारीक फुगवटा किंवा हिरवट ठिपका असतो, अगदी मोहरीएवढा. तो सापडला की मन निःशंक होतं. नवं घेताना जुनं सोबत न्या: वॅट, लांबी, वाकाचा आकार, फ्लँजची भोकं सगळं जुळायला हवं. बोअरच्या पाण्याला तांब्याऐवजी निकेलच्या मिश्रधातूचं, इन्कोलॉयचं आवरण असलेलं घ्या, ते जास्त टिकतं. गॅस्केट नवंच घाला, जुनं उलटून लावू नका. त्याच फ्लँजजवळ मॅग्नेशियमचा रॉड असतो. टाकीऐवजी तो गंजावा म्हणूनच तो तिथे ठेवलेला असतो. नुसती तार उरली असेल तर तोही बदला. जड पाण्याच्या भागात हा रॉड वेळेवर बदलला असता तर वाचली असती अशा कितीतरी टाक्या भंगारात गेल्या आहेत.

बोल्ट एकदम एका बाजूने आवळू नका, समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे आवळा. पाणी सोडा, गरम नळातून हवेचे फुरके थांबून सलग धार येईपर्यंत थांबा. फ्लँजला कोरडा टिश्यू लावून पाव तासाने बघा. तो कोरडाच राहिला तरच वीज द्या. रिकाम्या टाकीत एलिमेंट चालू झालं तर नवं कोरं काही मिनिटांत जळतं. थर्मोस्टॅट ५०–५५ अंशांवर ठेवा, कारण साठच्या वर क्षार झपाट्याने धरतो. आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब येतात म्हणून त्याला बूच मारू नका. टाकी फुटू नये म्हणूनच तो आहे.

गीझर उघडला आहे तर त्याच्या सॉकेटचं अर्थिंगही तपासा. एसी रेंजवर फेज ते अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थ जेमतेम काही व्होल्ट यायला हवेत. फेज ते अर्थ ६०–१०० असा डळमळता आकडा आला तर अर्थ तुटलेला आहे. वॉशिंग मशीनच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार बऱ्याचदा इथूनच सुटते. मशीनच्या फिल्टरमधला कपॅसिटर बॉडीला सूक्ष्म करंट देत असतो, तो अर्थने निघून जायचा असतो. अर्थ नसेल तर तो तुमच्या बोटातून जातो. मशीन उघडायच्या आधी सॉकेट उघडावं ते यासाठी. आणि सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर लागला तर ‘डबल फेज आला’ असं म्हणून घाबरू नका. मागे कुठेतरी न्यूट्रल तुटलाय आणि चालू असलेल्या एखाद्या उपकरणातून फेज परत येतोय. मात्र बोटांसाठी ती न्यूट्रलची बाजूही तितकीच धोक्याची.

आता मिक्सर. आधी भांडं न लावता, रिकामा चालवून बघा. मोटर मोकळी, एकसुरी फिरली तर दोष भांड्यात. भांडं उलटं करून खालचा कपलर हाताने फिरवा. जड जात असेल तर पात्याचा बुश (ज्यात पात्याची दांडी फिरते ती नळी) अडकलाय, आणि खाली काळपट पाणी दिसत असेल तर बुश झिजलाय. ते पाणी सरळ मोटरीच्या वरच्या बेअरिंगवर पडतं. चटणीच्या एका भांड्याने चांगली मोटर खाल्ल्याची उदाहरणं घरोघरी आहेत. बुशला खोबरेल तेल घालायची आपल्याकडे रीत आहे, ती सोडा. ते थंडीत थिजतं आणि पुढे चिकट होऊन बसतं. शिलाई मशीनचं तेल घाला, दोन थेंब पुरतात. पातं ज्या टोकाला आहे तिकडे खाद्यतेलाशिवाय काही लागू देऊ नका.

ठिणग्यांमध्ये फरक ओळखायला शिकलं पाहिजे. कार्बन आणि कम्युटेटर (मोटरीच्या फिरत्या भागावरचं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं) यांच्या स्पर्शाच्या जागी बारीक निळसर ठिणगी नेहमीच असते. पिवळ्या-नारिंगी ठिणग्या उडत असतील तर कार्बन संपलेत किंवा स्प्रिंग ढिली आहे. कम्युटेटरभोवती आगीचं कडंच फिरत असेल तर आर्मेचरचं, म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागाचं, वाइंडिंग गेलंय, आणि अशा वेळी तो मिक्सर पुन्हा पुन्हा लावून बघू नका.

पिन काढा, तळाचं झाकण उघडा, कार्बन बाहेर घ्या. कोणता कोणत्या बाजूचा आणि कोणती कड वर, याची खूण करा. चांगल्या कार्बनचं टोक कम्युटेटरच्या गोलाईला जुळलेलं आणि चकचकीत असतं. खराब कार्बनचं खडबडीत, एका कडेला तुटलेलं. पाच-सहा मिलिमीटरच उरला असेल तर जोडीनेच बदला, एकच बदलू नका. कम्युटेटर काळा असेल तर शून्य नंबरच्या काचकागदाची पट्टी लावून आर्मेचर हाताने फिरवा. एमरी कागद नको, त्याचे कण वीजवाहक असतात आणि पट्ट्यांच्या मधल्या खाचेत अडकून शॉर्ट करतात. खाचा टूथब्रशने साफ करा. मग मीटर २०० ओहमवर घेऊन शेजारशेजारच्या पट्ट्यांमध्ये मोजत पूर्ण फेरी मारा. सगळीकडे जवळजवळ सारखा, छोटा आकडा यायला हवा. एका जागी एकदम जास्त आला आणि नेमक्या त्याच दोन पट्ट्या जळून काळ्या झाल्या असतील, तर कार्बन बदलून उपयोग नाही. शेवटी कोणत्याही पट्टीपासून लोखंडी शाफ्टपर्यंत कंटिन्युइटी नको. आर्मेचर गेलं असेल तर नव्या मिक्सरची किंमत समोर ठेवून हिशोब करा. नवे कार्बन घातल्यावर काही मिनिटं रिकामा, एकवर, मध्ये थांबत चालवा, म्हणजे टोकं बसतात.

मिक्सर पूर्ण बंदच पडला तर आधी तळाचं लाल बटण दाबा, तो ओव्हरलोड आहे. मोटरीवरचा कपलर काढायचा असेल तर शाफ्ट खालून धरा आणि मोटर ज्या दिशेला फिरते त्याच दिशेला कपलर फिरवा. काम करताना तो उलट्या दिशेच्या जोराने आवळला जातो, म्हणून सुटतो तो मोटरीच्या दिशेने. जोर लावून दुसरीकडे फिरवला तर आटे जातात.

पंख्याचं काम तुलनेने छोटं. पाचवर रेग्युलेटर बहुतेक थेट जोडणी देतो, त्यामुळे पाचवरही रेंगाळत असेल तर शक्यता कपॅसिटरची, दुकानात ज्याला कंडेन्सर म्हणतात. संध्याकाळीच हळू फिरत असेल तर आधी सॉकेटवर व्होल्टेज मोजा. वीज बंद करून पंखा हाताने ढकला. दोन-चार फेऱ्या मोकळा फिरला पाहिजे. खरखरत लवकर थांबला तर बेअरिंग. मोकळा फिरतो पण चालू केल्यावर नुसता गुणगुणतो, आणि ढकलाल त्या दिशेला सुरू होतो, तर कपॅसिटर पूर्ण गेलाय. सुरू होतो पण वेग नाही, तर तो उतरलाय. त्यावर २.५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट असं काहीसं छापलेलं असेल. एमसीबी पाडून, शिडी धरायला माणूस घेऊन तो काढा. वाइंडिंगमधून तो आपोआप डिस्चार्ज होतो, पण त्याची एखादी वायर तुटलेली असेल तर चार्ज राहतो, म्हणून टोकं इन्सुलेटेड दांड्याच्या स्क्रू ड्रायव्हरने जोडून घ्या. मीटरवर २.५ ऐवजी १.८ वगैरे आलं तर बदला. छापलेली किंमत तीच ठेवा. मोठा घालून वेग वाढवायचा मोह झाला तर वाइंडिंग तापतं. जोडताना वायरी उलटसुलट झाल्या तर पंखा उलटा फिरतो आणि वारा लागत नाही. डाउनरॉडचा बोल्ट आणि स्प्लिट पिन यांना हात लावायची गरज नाही.

पंखा बीएलडीसी असेल, म्हणजे रिमोटवाला, तर यातलं काहीच लागू होत नाही. २०२३ पासून पंख्यांना स्टार रेटिंग सक्तीचं झाल्यावर हे पंखे घरोघर आले आहेत. त्यात सर्किट बोर्ड असतो आणि त्यावरचा कपॅसिटर ३२५ व्होल्ट डीसीपर्यंत चार्ज असतो, वीज बंद केल्यावरही काही वेळ. तो बोर्ड पूर्ण बदलायचा असतो, घरी उकलायचा नसतो.

मायक्रोवेव्ह घरी अजिबात उघडू नका. त्याच्या हाय-व्होल्टेज कपॅसिटरमध्ये पिन काढल्यावरही दोनेक हजार व्होल्ट राहू शकतात आणि सराईत माणसंही त्यात गेली आहेत. गॅस गीझरचा बर्नर आणि धुराची वाटही तशीच, तिथे चुकलं तर कार्बन मोनॉक्साइडला वासही येत नाही. नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे ज्वालाग्राही आयसोब्युटेन असतो, त्याच्या नळीला घरी टॉर्च लावायची नाही.

पार्टसाठी वाघोलीहून पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रिकच्या बाजारात, एक चक्कर मारा. गीझरच्या रेटिंग प्लेटचा फोटो, जुनं एलिमेंट, मिक्सरचे कार्बन आणि पंख्याचा कपॅसिटर एका पिशवीत घालून न्या आणि तोंडी वर्णन करण्याऐवजी वस्तू काउंटरवर ठेवा. एलिमेंट घेताना दुकानातच, पैसे देण्याआधी, त्याच्या दोन टोकांत २६ ओहम आणि टोक ते आवरण ‘ओएल’ येतंय का ते स्वतःच्या मीटरने मोजून घ्या.